फॅमिली रूममधली शेवळाची भाजी

नाटकातल्या बाईचं आयुष्य पडद्यापुढे जातं असं लोक समजतात. माझं निम्मं पडद्यामागे गेलं, आणि मुंबईतली माझी बहुतेक जेवणंही पडद्याआडच झाली.

त्या काळी हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायची. रूम कसली, लाकडी फळ्यांचं खोकं. आत संगमरवरी फरशीचं एक टेबल, समोरासमोर दोन बाकं, वर कुरकुरणारा पंखा आणि दाराला हिरवा पडदा. फॅमिली असो वा नसो, बाई आली की तिने तिथे बसायचं. बाहेरच्या हॉलमध्ये एखादी एकटी जेवायला बसली तर आजूबाजूचे पुरुष स्वतःचा घास विसरायचे. मी एकदा मुद्दाम बसून पाहिलं. समोरच्या गृहस्थांनी पाण्याचा पेला ताकाचा समजून त्यात मीठ टाकलं आणि प्यायलेही.

मुंबईने मला खायला मात्र भरपूर घातलं. गिरगावातल्या खानावळीतलं गुरुवारचं पुरण, इराण्याकडचा कडक ब्रून पाव आणि बशीत सांडलेला चहा, दादरला प्रयोगाआधी चोरून खाल्लेली मिसळ. चोरून अशासाठी, की तिखट खाऊन आवाज खरखरला तर आमचे मॅनेजर रेगेकाका खिडकीतून उडी मारायची धमकी द्यायचे. नाटक शंभराव्या प्रयोगाला पोचलं की पुरुष मंडळी ग्लास घेऊन बसायची आणि मला लेमन सोडा यायचा. तोही ग्लासातच, म्हणजे फोटोत सगळं सारखं दिसावं. मी कधी तक्रार केली नाही. पोटभर मिळत होतं आणि टाळ्या मिळत होत्या. आणखी काय हवं असतं माणसाला? हवं असतं. पण ते मला फार उशिरा कळलं, आणि ज्याच्यामुळे कळलं त्या माणसाची ही हकीकत आहे.

त्याचं नाव लडकू. दादरच्या थिएटरपासून चार दुकानं सोडून पै म्हणून एकांचं हॉटेल होतं, तिथे तो वेटर होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. सोळाव्या वर्षी डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरून तो मुंबईला आला, पैंच्या मोरीवर कपबश्या विसळायला लागला, आणि आठ वर्षांनी फॅमिली रूमचा वेटर झाला. ही बढती साधी नव्हती. पडद्याआडच्या गिऱ्हाइकाकडे न बघता त्याला काय हवं ते ओळखायचं असतं. लडकू पडद्याबाहेर उभा राहून खोकायचा. एकदा खोकला म्हणजे ‘येऊ का’, दोनदा म्हणजे ‘बाहेर तुमच्या ओळखीचं कुणीतरी आलंय’. कित्येक प्रेमप्रकरणं त्या दुसऱ्या खोकल्यावर वाचली असतील.

उंच, काळासावळा, ताठ. डाव्या हातावर कोपरापर्यंत सहा बश्या रचून चालायचा तेव्हा आमच्यातला एकही नट तसा प्रवेश करू शकला नसता. टेबल पुसायची त्याची रीत होती. खांद्यावरचं फडकं दोनदा फिरायचं, एकदा आडवं आणि एकदा स्वतःच्या दिशेने. खरकटं त्याच्याच तळहातात. आणि त्याला आमच्या गळ्यांची काळजी. प्रयोगाचा दिवस असला तर तो मला दही द्यायचाच नाही.

“दही आण रे.”

“दही संपलं.”

“समोरच्या टेबलावर दिसतंय की!”

“ते त्यांचं हाय. तुमचं संपलं.”

रेगेकाका म्हणायचे, हा खरा स्टेज मॅनेजर, मी नुसता पगार घेतो.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोस्टरवर माझं नाव सुनेत्रा असं यायचं. जन्मनाव भिमी. मुरबाड तालुक्यात धसईच्या जवळ आमचं गाव, भाताची शेती, घरात सात पोरं. चौदाव्या वर्षी मावशीचं मूल सांभाळायला मला लालबागला आणलं. तिथे गिरणी कामगारांच्या नाटकात एक मुलगी आजारी पडली म्हणून मी उभी राहिले आणि मग बसलेच नाही. धंदेवाईक नाटकात मला रेगेकाकांनी आणलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, “पोस्टरवर भिमी? लोक बुकिंगच्या खिडकीत भाजीचा भाव विचारतील.” सगळे हसले. मीही हसले. सहा महिने रोज सकाळी त्यांनी माझ्याकडून ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘नाही’ घोटून घेतलं. त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायचे, आम्ही पुण्याचे. आधी रेगेकाका सांगायचे, मग मी सांगू लागले. इतकं सांगितलं की गावाला जाणं जमेना. पुण्याची बाई धसईच्या एसटीत काय करणार? बारा वर्षांत मी एकदाही घरी गेले नाही. आई दोनदा मुंबईला येऊन मला भेटून गेली, तीही मावशीच्या खोलीत.

एक्याऐंशी सालचा जून सुरू झाला होता. साडेतीनचा प्रयोग होता. एक बडे निर्माते नव्या नाटकाच्या नायिकेसाठी मला बघायला येणार होते. मी आणि रेगेकाका एक वाजता पैंकडे जेवायला गेलो. लडकू चार दिवस रजेवर होता, आदल्या रात्री परतला होता. तो आला, फडकं दोनदा फिरवलं, आणि पडद्यात डोकं घालून हळूच म्हणाला, “बाई, आज बोर्डावर नाय असं एक हाय.”

“काय?”

“आणतो.”

स्टीलच्या वाटीत त्याने ती आणली. तपकिरी, दाटसर, वर तेलाचा तवंग, मध्ये वालाच्या डाळिंब्या. वास नाकात शिरला आणि मी बाकावर सरळ झाले. शेवळाची भाजी. पावसाच्या तोंडाला आमच्या रानात जमिनीतून ते कोंब वर येतात, पंधरा-वीस दिवस, बस्स. आई पहाटे जाऊन काढून आणायची. साफ करायला अर्धा दिवस. ह्या भाजीला खाज असते. ती मारायला काकड नावाच्या रानफळाचा आंबट रस घालावा लागतो. काकड घातली नाही तर घसा धरतो. आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलीलाही हे ठाऊक असतं, आणि भाजी ताटात आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: काकड घातलीस ना गो?

“हे काय, मटण?” रेगेकाकांनी विचारलं.

“रानभाजी हाय साहेब. आमच्याकडं मिळते.”

“आमच्याकडं म्हणजे?”

“शहापूर. डोळखांब.” असं म्हणून लडकूने माझ्याकडे बघितलं.

मी पंख्याकडे बघितलं.

“मी नाही बुवा असलं काही खात,” रेगेकाका म्हणाले आणि त्यांनी राइस प्लेट मागवली. मी वाटी ओढली. पहिला घास जिभेवर गेला आणि लगेच घशाच्या मागे बारीक कुसं टोचल्यासारखं झालं. मला कळलं. काकड नव्हती. तिथेच वाटी बाजूला सारायची. पण कारण काय सांगायचं? रेगेकाकांना माझं गाव ठाऊक होतं, तरी त्यांच्यापुढेही मी पुण्याचीच राहायचे. पुण्याच्या बाईला शेवळाची खाज कशी ठाऊक? आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. बारा वर्षांनी ती चव तोंडात आली होती. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला.

इतक्यात पडदा हलला. लडकू धावत आला असावा, त्याला धाप लागली होती. खोकायचंही विसरला.

“बाई, भाजी राहू द्या. दुसरं कायतरी आणतो.”

“का रे?” रेगेकाका म्हणाले.

“जरा कच्ची राहिलीया.”

“राहू दे,” मी म्हणाले. “बरी आहे. पडदा लाव.”

तो उभाच राहिला. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं, मी पुन्हा म्हणाले, “पडदा लाव.” त्याने लावला. मी वाटी पुसून खाल्ली.

अडीचला रंग लावायला बसले तेव्हा ओठ सुजले होते. दुसऱ्या अंकात आवाज फाटला, तिसऱ्यात तो गेलाच. माझे संवाद समोरचा नट ‘तुला असंच म्हणायचंय ना, की...’ असं करत स्वतःच म्हणत होता. प्रेक्षक हसले. ते दुःखी नाटक होतं. निर्माते मध्येच उठून गेले.

रेगेकाका रंगपटात आले. “काय खाल्लंस?”

तिथे मेकअपमन होता, दोन नट होते, निर्मात्यांचा माणूस होता. मी म्हणाले, “त्या वेटरने कसलीशी जंगली भाजी आणून घातली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रेगेकाका मला घेऊन पैंच्या गल्ल्यापुढे उभे राहिले. पैंनी लडकूला बोलावलं. “बाई, ह्यानेच दिली?”

“हो.”

“काय आहे ते सांगितलं होतं का तुम्हाला?”

“मला काय ठाऊक! असलं जंगली मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

जन्मात. मी हा शब्द मुद्दाम घातला, त्याने वाक्याला वजन येतं म्हणून. लडकू ऐकत होता. त्याने मला थांबवायचा प्रयत्न केला होता हे मी सांगितलं नाही. पैंनी त्याला विचारलं, “तुला कुणी सांगितलं होतं गावचं खाणं इथे आणायला? का दिलंस बाईंना?”

मी खाली बघत होते. आता हा सांगेल, ‘मी भाजी राहू द्या म्हटलं होतं, बाईंनीच ऐकलं नाही.’

“चूक झाली शेठ,” लडकू म्हणाला.

एवढंच. खांद्यावरचं फडकं काढून त्याने नीट घडी घातली, गल्ल्यावर ठेवली, आणि मागच्या दाराने गेला. नोकरी गेली. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. लपवून काय करू आता?

पुढे मी तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण आम्ही नाटकवाले. हाताला लागलेला प्रसंग आम्ही फुकट जाऊ देत नाही. ती भाजी माझा नंबर झाली. दौऱ्यावर, समारंभात, पार्टीत कुणीतरी म्हणायचं, सुनेत्राबाई, तो वेटरचा किस्सा सांगा ना. मी सांगायचे. लडकूची चाल करून दाखवायचे, त्याचं ‘हाय’ आणि ‘नाय’ करून दाखवायचे. हशा ठरलेला. वीसेक वर्षांपूर्वी एका रविवारच्या पुरवणीत माझी मुलाखत आली, त्यातही सांगितला. तिथे शेवट जरा चढवला. म्हणाले, त्या भाजीने माझा गळा कायमचा बिघडवला, आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका गेली. खरं तर गळा तिसऱ्या दिवशी बरा झाला होता. आणि ती भूमिका निर्मात्यांनी आधीच दुसरीला दिली होती, मला नुसते औपचारिकता म्हणून बघायला आले होते. हे मला महिन्याभरातच कळलं होतं. पण सत्याला टाळी येत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी मुरबाडला राहायला आले. भाच्याने बंगला बांधला, एक खोली मला दिली. गाव जवळ असूनही जायला धीर होत नव्हता. मग मागच्या वर्षी शहापूरच्या एका मंडळाने माझा सत्कार केला. शाळेचा हॉल, शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. माईक हातात आल्यावर काय झालं कोण जाणे, मी म्हणून टाकलं, “मी पुण्याची नाही. मी धसईकडची भिमी.” हॉल दणाणला. इतक्या वर्षांत मला मिळालेली ती सर्वांत स्वस्त टाळी होती.

कार्यक्रम संपल्यावर बचत गटाच्या बायका चहा-वड्याचं आवरत होत्या. त्यातली एक चाळिशीची बाई पदराला हात पुसत माझ्याजवळ आली.

“बाई, मी सारिका. डोळखांबच्या पल्याडची. माझे सासरे तुमाला वळखतात. लडकू. पैंच्या हाटेलात व्हते.”

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. “आहेत?”

“हायत की. ठणठणीत हायत. फकस्त एक खोड हाय. घरात पाव्हणा आला की घरचं जेवण देऊ देत नाय. दुकानातनं बिस्किटं आना म्हणतात. लेकीच्या सासरचे आले तरी बिस्किटं! आमची किती शोभा व्हते. इचारलं तर म्हणतात, माज्या हातच्या खाण्यानं एका बाईचा गळा गेला. कलाकार व्हती. पेपरात आलंय ते.” ती जरा थांबली. “तो कागूद ट्रंकेत हाय अजून. आज तुमी बोलत व्हतात, तर मी म्हटलं, गळा तर चांगला खणखणीत हाय बाईंचा.”

तो वडा मी पिशवीत टाकला. मला आठवतंय, कारण घरी भाच्याने विचारलं, आत्या, पिशवीला तेल कसलं?

होळी झाल्यावर मी निघाले. मुरबाडहून शहापूर, शहापूरहून डोळखांबची एसटी, आणि तिथून पुढे माणसं कोंबलेली जीप. मला पुढची सीट दिली, वयामुळे. वाटेत सगळं भाषण पाठ करत गेले. सुरुवात कुठून, थांबायचं कुठे, हात कधी जोडायचे. जन्मभराची सवय.

लडकू ओट्यावर उभा होता. सारिकाने सांगून ठेवलं असणार. केस पांढरे, दात थोडे, पाठ तशीच ताठ. त्याने खांद्यावरच्या पंच्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली, एकदा आडवी, एकदा स्वतःकडे. मग हात जोडले.

“गळा कसाय बाई?”

पाठ केलेलं भाषण तिथेच संपलं.

मी बसले. त्याने हाक मारली आणि सारिका ट्रे घेऊन आली. थंड पेयाची बाटली, ग्लास, बशीत क्रीमची बिस्किटं. आतून कडव्या वालाच्या आमटीचा वास येत होता.

“घ्या,” तो म्हणाला. “कंपनीचं हाय. काय व्हनार नाय.”

“लडकू, माझा गळा तिसऱ्या दिवशी बरा झाला होता.”

त्याने मान वर केली.

“पेपरात तर...”

“पेपरात मी खोटं सांगितलं. लोकांना आवडायचं म्हणून. भूमिकाही तुझ्यामुळे गेली नाही, ती आधीच गेली होती.”

दारातली कोंबडी ओट्यावर चढली, ती त्याने पायाने हलकेच उतरवली. “त्या भाताऱ्यानं काकड फेकून दिलेली,” तो म्हणाला. भातारी म्हणजे पैंचा स्वयंपाकी. “मी त्याला निवडून, धुवून दिली व्हती, सांगितलंबी व्हतं, हिचा रस घाल. त्याला वाटलं कच्ची फळं, काय कामाची! तुमाला वाटी दिल्यावर मी मागं गेलो तर बादलीत काकड. तसाच पळत आलो.”

“माहीत आहे मला. म्हणजे तू कशाला आलास ते कळलं होतं. पहिल्या घासालाच कळलं होतं काकड नाही ते. मी तरी खाल्ली.”

“ते मला म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तुमाला कळलेलं, ते.” तो आता माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत होता, पडद्याबाहेर उभा असल्यासारखा. “तुमी आमच्याकडच्या, हे मला पयल्याच म्हयन्यात समजलं. भाजलेला बोंबील आला की तुमी तो आधी गरम भातात पुरून ठेवायच्यात. मऊ व्हायला. मुंबईचं मानूस असं करीत नाय. ते आधी लिंबू मागतं.”

मी बिस्किटांची बशी जरा बाजूला सारली.

“म्हणून तर भाजी आनली,” तो म्हणाला. “म्हटलं, बाई वर्सानुवर्सं गावाला गेल्या नसतील. तोंडानं काय बोलायच्या नायत, पन खातील तरी.”

“मग पैंना सांगायचंस! ही बाई आमच्याकडची आहे, तिला कळत होतं, मी थांबवत होतो. एवढं सांगितलं असतंस तर नोकरी गेली नसती.”

“रेगेसाहेब हुबं व्हते ना बाजूला.” जणू एवढ्यात सगळं आलं अशा सुरात त्याने सांगितलं. रेगेकाकांनीच मला पुण्याची केलं होतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार! “तुमी तुमचं गाव सांगितलं नव्हतं. मग ते मी कसं सांगू? तुमच्या पोटाचा धंदा व्हता तो.”

रंगमंचावर मी किती वेळा माफी मागितली असेन. पाय धरून, हुंदका देऊन, प्रकाश माझ्यावर आणि बाकी सगळा काळोख. बायका पदराने डोळे पुसायच्या. त्या ओट्यावर लख्ख ऊन होतं, कोंबडी होती, आणि माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं. “लडकू, माझं चुकलं रे.”

“नोकरीचं काय नाय,” तो म्हणाला. “दुसरी मिळाली असती. वीटभट्टीवर गेलो, नंतर शेती केली, पोरगा वाशिंदला कंपनीत लागला. भागलं. जंगली म्हणालात, तेबी ठीक. रागाच्या भरात मानूस म्हणतं.” त्याने पंच्याने तोंड पुसलं. “पन तुमी नुसतं येवढं म्हणायचं व्हतंत, हा आमच्याकडचा हाय. मग पैंनी काढला असता तरी चाललं असतं. मी तिथं हुबा व्हतो, वाट बगत व्हतो, बाई आता म्हणतील. मग आता म्हणतील.”

“आता म्हणते,” मी म्हणाले. “सगळ्यांना सांगते. पेपरात लिहून देते.”

तो पहिल्यांदा हसला. चिडून नाही. समजूत घालावी तसं.

“आता हितं कुनाला सांगता बाई? हितं सगळीच आमच्याकडची.”

आतून सारिकाने विचारलं, “बाबा, पानं घेऊ का?” आणि लगेच, भीत भीत, “किती?”

लडकूने माझ्याकडे बघितलं. बिस्किटांच्या बशीकडे बघितलं. मला वाटतं, इतकी वर्षं त्याने घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सोडायला त्याला तेवढा वेळ लागला.

“बाईंचंबी घे,” तो म्हणाला.

आम्ही ओट्यावरच जेवलो, शेजारी शेजारी. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, भात, भाजलेला सुका बोंबील. इतक्या वर्षांत तो माझ्याबरोबर कधी जेवला नव्हता; वेटर गिऱ्हाइकाबरोबर जेवत नाही. मी पहिला घास घेतला तेव्हा त्याचा हात ताटावर थांबला होता. मी गिळला. “बरं आहे,” म्हणाले. मग तो जेवायला लागला. सारिका दाराआडून बघत होती. तिने नंतर मला सांगितलं, उद्याच लेकीच्या सासरच्यांना फोन करते, या म्हणते जेवायला. त्याच्यापुरतं तरी काही मिटलं. एवढ्या प्रवासाचं तेवढं सार्थक झालं, आणि तेही माझ्या भाषणाने नव्हे, मी गिळलेल्या घासाने.

दोनच्या एसटीसाठी जीप आली. लडकू काठी घेऊन रस्त्यापर्यंत आला. ड्रायव्हर विशीतला होता, मितेश त्याचं नाव. लडकूने त्याला बजावलं, “शहापूरच्या गाडीत नीट बसव रे. मुंबईच्या पाव्हण्या हायत.”

त्याने हे सवयीने म्हटलं, की मला अजून सांभाळून घ्यायचं म्हणून, की त्याच्या लेखी मी तीच होते म्हणून, मला ठरवता येत नाही. मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “मुंबईची नाही. मी धसईची आहे.”

मितेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. “हां? बोलण्यावरनं वाटत नाय वो.”

जीपमधल्या बायका हसल्या. लडकूही हसला असेल, तोवर जीप हलली होती, मला दिसलं नाही. मी मितेशला उत्तर द्यायला तोंड उघडलं. आमच्या बोलीतलं एक वाक्य, आई जसं बोलायची तसं, एवढंच हवं होतं. तीस नाटकांतले संवाद मला अजून तोंडपाठ आहेत. शहापूर येईपर्यंत मी ते एक वाक्य जुळवत बसले, पण ते माझ्या तोंडात बसेना.